चिंचोक्यांचं गणित

"ओ मास्तर! जिता हाय का ग्येला?" बांधावरून एक शेतकरी असा कोकलला की शाळेच्या कौलांवरची कबुतरं जी उडाली, ती थेट पोलादपुरात जाऊन बसली. पाठोपाठ तो स्वतःच दारात आला. त्याचा मुलगा माझ्याकडे तिसरीत होता. "आज तीन दिस पाढा ऐकू नाय आला. झोपता काय वर्गात?"

त्या वाडीत शाळेची पारख कानांनी होत असे. माणसं खाली शेतांत, शाळा वर टेकडावर. पोरांचा पाढा खाली पोहोचला म्हणजे मास्तर काम करतो. आमचा एकोणतिसाचा पाढा ऐकून कशेडीच्या घाटातले गाडीवान पुढचा आकडा सांगत, हे मी आजही शपथेवर सांगतो. शपथ कुणाची, ते विचारू नये.

पण महाडला शिक्षकांच्या सभेत एका हेडमास्तरांनी दोन तास नवी पद्धत सांगितली होती. घोकंपट्टी सोडा, चिंचोके मांडून मुलांना गणित समजू द्या. मी पेटून परतलो आणि पाढे बंद करून चिंचोके मांडले. त्या शेतकऱ्याच्याच मुलाला तिसापर्यंत पाढे पाठ. पण सात जणांना तीन-तीन भाकऱ्या तर एकूण किती, असं विचारलं की तो भिंतीकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं चिंचोक्यांचे सात ढीग केले, मोजले, आणि "एकवीस!" म्हणताना असा हसला, जणू भाकऱ्या त्यानंच थापल्या होत्या.

मी बापाला हे सगळं रंगवून सांगितलं.

"चिंचोके घरी बी हायत," तो म्हणाला, आणि पोराला गुरांमागं घेऊन गेला.

त्याचं बघून बाकीच्यांनीही पोरं काढली. आठवड्यात वर्गात पाच उरली. पट असाच राहिला तर शाळा बंद होणार, हे उघड होतं. पाढा सुरू केला असता तर दुसऱ्या दिवशी सगळी परत आली असती. पण मग ते पोरगं पुन्हा भिंतीकडे बघत बसलं असतं. घास गोड लागेना.

रविवारी महाडला चालत गेलो. सहा कोस, माझ्या पायांच्या हिशेबानं साठ. हेडमास्तर ओटीवर सुपारी कातरत होते. सगळं सांगून विचारलं, "साहेब, तुमच्या शाळेत चिंचोके सुरू केलेत, तेव्हा आईबापांना कसं समजावलंत?"

त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्याकडे पाढेच म्हणतात," ते म्हणाले.