उंटापुढचं प्यादं

जेवणाची सुट्टी संपत आलीय. मंगल कार्यालयाच्या भिंतीला टेकून बसलेय, पापण्या जड होतायत. शेवटची फेरी मोरबाळेशी आहे. गेल्या वर्षी याच स्पर्धेत माझ्या दादाकडून हरल्यावर त्यानं लोखंडी खुर्ची उचलून दादाच्या डोक्यात घातली. दादा गेला. मोरबाळे जामिनावर सुटलाय, आणि बुद्धिबळ खेळतोय.

"तायडे, जागी हो. पट मांड."

समोर दादा. डोक्याची डावी बाजू आत गेलीय, रक्त कानामागून गळ्यात उतरतंय. सदरा मात्र कडक इस्त्रीचा.

मधल्या प्याद्यांना तो हात लावत नाही. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो. जन्मभर त्याची सुरुवात हीच.

"समोरून भिडू नकोस," तो म्हणतो. "कडेनं शीर."

"माहितीय. तूच शिकवलंस."

"खेळाचं नाही बोलत मी."

पटाखाली आता टेबल नाही, दवाखान्यातलं स्ट्रेचर आहे. काळी घरं, पांढरी घरं, सगळी सारखीच लाल होत जातात. दादा माझ्या हातात काहीतरी कोंबतो. खुर्चीचा तुटका पाय. टोकाला केस चिकटलेत. त्याचेच.

"तो पटात बघत असेल तेव्हा घाल. कानाच्या वर."

हा माझा दादा! शाळेतून मार खाऊन यायचा, पण कधी कुणावर हात उचलला नाही.

"दादा, मी खेळायला आलेय."

"मग मी फुकट मेलो?"

मी तो पाय भिरकावते. दादा अंगावर धावून येतो. आम्ही आईच्या स्वयंपाकघरात फरशीवर आदळतो, भांडी कोसळतात. केस धरून तो माझं डोकं आपटतो. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवते, तोंड दाबून धरते, कारण तो "मार, मार" ओरडतोय आणि पलीकडे आई भाकरी थापतेय. त्याचे दात माझ्या मनगटात शिरतात. मी हात काढत नाही.

"चाव. हवं तेवढं चाव. पण त्याला मी मारणार नाही."

जबडा हळूहळू सैल पडतो. तो रडतोय.

"लई दुखलं गं, तायडे."

घंटा वाजते. डोळे उघडतात. मी उठून टेबलाशी जाऊन बसते. मोरबाळे मान खाली घालूनच हात पुढे करतो. मी माझा देते. बोटांना ओलं लागल्यावर तो बघतो. माझ्या मनगटावर दातांचे दोन अर्धगोल, ताजे. रक्त तळव्यापर्यंत ओघळलंय.

"कुणी चावलं?" तो विचारतो.

"घरच्यानं," मी म्हणते, आणि घड्याळ चालू करते.