बावीस टीव्ही आणि एक निळी वायर

मावशी टीव्हीच्या काचेजवळ वायरचा तुकडा धरून उभी होती. बोटाएवढा तुकडा, निळा. एक डोळा मिटायची, बघायची. दुसरा मिटायची, बघायची. मग मान हलवून पुढच्या टीव्हीकडं.

"ओ मावशी, स्क्रीनला हात नका लावू!" शोरूमचा पोरगा मागनं ओरडला. छातीवर बिल्ला होता, विक्की.

"हात कुठं लावलाय? वायर धरलीय."

"वायर पण नका धरू. टीव्ही घ्यायचाय का रिपेर करायचाय?"

मी म्हणालो, "भावा, नीट बोल. ती तुझी मावशी नाय. माझी आहे."

खरंच माझी आहे. सोजरबाई, आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हापासून मी मोशीत हिच्याच दोन खोल्यांत. नववीत शाळा सोडली तेव्हा सगळे पाहुणे येऊन मला ज्ञान देऊन गेले. हिनं ताट वाढलं आणि विचारलं, "रत्न्या, उद्यापासून काय करणार?" बास. एवढंच. त्यामुळं हिला कोण काय बोललं की माझं टाळकं सटकतं, आणि त्या दिवशी सकाळपासूनच ते सटकलेलं होतं, कारण बरोबर ज्योतीराम होता.

ज्योतीराम म्हणजे मावशीच्या दिराचा पोरगा. गुरुवार होता, आमच्याकडं सगळ्या कंपन्यांना सुट्टी, तरी ह्याच्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड. रावेतला फ्लॅट घेतल्यापासून हा मान खाली करून बोलतच नाय. चाकणला ज्या कंपनीत मावशी एकोणीस वर्षं कामाला, त्याच कंपनीत हा सुपरवायझर. मावशीनंच साहेबाच्या हातापाया पडून ह्याला हेल्पर म्हणून चिकटवला होता. डिप्लोमा केला, वर चढला, आणि वर चढून पहिलं काय केलं, तर मावशीलाच घरी बसवलं.

तिथं गाडीच्या आतलं वायरिंग बनतं. लांब फळी असते, तिच्यावर खिळे, खिळ्यांमधनं वायरी ओढायच्या. लाल, काळी, पिवळी, निळी, फिकी निळी, जांभळी, शंभर एक वायरी. एक वायर चुकली की गाडीचा हॉर्न दाबल्यावर वायपर चालू. लाइनच्या तोंडाशी एक पास झालेला नमुना टांगलेला असतो, त्याला मास्टर सॅम्पल म्हणतात. शंका आली की उठायचं, सॅम्पलशी जुळवायचं, मग हात चालवायचा. मावशीला एकोणीस वर्षांत उठावं लागलं नव्हतं. नव्या पोरी शंका आली की सॅम्पलकडं न जाता हिच्याकडं यायच्या.

तर पंधरा दिवसांपूर्वी रॅकमध्ये वायरीचा नवा गठ्ठा आला. चिठ्ठीवर लिहिलेलं, निळी. मावशी म्हणाली, "ही जांभळी हाय." ज्योतीरामनं गठ्ठा हातात घेतला, सॅम्पलशी धरून बघितला, म्हणाला, "निळीच आहे, लावा." ही म्हणाली, "लावणार न्हाई." बारा मिनिटं लाइन बंद. ह्यानं शेजारच्या सात पोरींना विचारलं, कुठली आहे गं? ठेकेदाराच्या पोरी त्या, चिठ्ठीवर निळी, साहेब म्हणतोय निळी. सगळ्या खाली मान घालून म्हणाल्या, निळी. मग ह्यानं कागद केला. 'रंग ओळखण्यात चूक. दृष्टी कमी.' खाली सही.

आता बघा. आमच्या घरात निळा रंग कुणाला शिकवावा लागत नाय. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, निळा कोट. दारावर निळा झेंडा. आणि ह्या माणसानं सोजरबाईला निळा ओळखता येत नाय असं लिहून सही केली!

कंपनीनं सांगितलं, आजपासून तिसऱ्या सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद घेऊन या, मग बघू. मी म्हणालो, चल, आत्ता जाऊ. ती जाईना. मला वाटलं रागात आहे. मग एकदा चहा पिताना तिनं विचारलं, "रत्न्या, ही बादली कंच्या रंगाची?"

"निळी."

"बघून सांग."

"बघूनच सांगतोय, निळी."

दुसऱ्या दिवशी शेजारणीची साडी. मग समोरच्या टेम्पोची ताडपत्री. तेव्हा कळलं, ती रागात नव्हती. घाबरली होती. सात जणी एका बाजूला आणि आपण एकटं, तर आपलेच डोळे गेले असतील, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणाली, "डॉक्टर डोळे गेले म्हणला तर कागदावर येतंय. कागदावर आलं की संपलं."

त्यातच घरातला जुना डबा टीव्ही बंद पडला. ज्योतीरामची आई, विमलबाई, तिला वाटलं बरं झालं, ह्या निमित्तानं काकू-पुतण्याचं जुळेल. तिनंच त्याला पाठवला, तुझी शोरूममध्ये ओळख आहे, चांगला टीव्ही काढून दे. म्हणून आम्ही तिघं पिंपळे सौदागरला. सोसायटीवाल्यांचं शोरूम, आत थंडगार, लादीवर आपलंच तोंड दिसतं. आणि समोर भिंतभर बावीस टीव्ही, सगळ्यांवर एकच समुद्र हलतोय.

"काकू, आता घरीच बसायचंय," ज्योतीराम म्हणाला, "तर मोठा घ्या. पंचावन्न इंच."

"घरी बसायचं का न्हाई ते सोमवारी कळंल."

"मी तुमच्या भल्यासाठी बोलतोय."

"माझं भलं तू कागदावर केलंच की."

विक्की मध्ये घुसला. "मॅडम, हा बघा, पंचावन्न. काय कलर आहे! समुद्र बघा."

मावशी म्हणाली, "समुद्र सगळ्यांत येगळा येगळा हाय."

"एकच व्हिडिओ आहे मॅडम. एका डब्यातनं सगळीकडं जातो."

"व्हिडिओ एक. निळा बावीस."

ज्योतीराम हसला. विक्कीकडं बघून त्यानं स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवलं. म्हणजे हिचे गेलेत. मी बघितलं. मावशीनं पण बघितलं.

तिनं बटव्यातनं रुमाल काढला, सोडला. आत वायरीचे तुकडे, भंगारातले, एकोणीस वर्षांत जमवलेले. हे तिचं स्वतःचं मास्टर सॅम्पल. निळा हातात होताच, जांभळा काढला. म्हणाली, "पोरा, तो समुद्र बंद कर. हलतंय, नीट दिसंना."

"बंद केल्यावर काय बघणार?"

"तू कर तर."

विक्की वैतागून मागं गेला आणि त्यानं वायर उपटली.

अख्खी भिंत निळी झाली. बावीसच्या बावीस. सिग्नल नाय असं बारीक अक्षरांत, बाकी नुसता निळा. राव, चौदा एप्रिलला पिंपरी चौक असा दिसतो. फ्रीज बघायला आलेली माणसं पण थांबली.

चौदा एप्रिलवरनं आठवलं. एका वर्षी हाच ज्योतीराम मिरवणुकीत जांभळा फेटा बांधून आला होता. पोरं म्हणाली, सर, वांग्याचं लग्न आहे का? हा पिसाळला, म्हणाला दुकानदारानं फसवलं. त्यानंतर त्यानं फेटाच बांधला नाय. ते आठवून मी त्या निळ्या भिंतीसमोर मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "वांगं कुठं दिसतंय का बघ."

"तोंड सांभाळ रे, नववी नापास."

"नापास नाय. सोडली. फरक आहे."

मावशीचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती एकेका टीव्हीसमोर जात होती. वायर धरायची, डोळा मिटायची. "ह्यात लाल हाय... हा फिका... ह्यात हिरवट मारतंय..." सुपरवायझरसारखी चालत होती. पण पुढं जाऊन परत मागच्या टीव्हीकडं यायची, पुन्हा जुळवायची. 

ज्योतीराम विक्कीला म्हणाला, "सगळे सेमच आहेत ना?"

"थोडाफार फरक असतो सर. पण एवढा कुणी बघत नाय."

"म्हणजे सेमच. काकू, बास करा. लोक हसतायत. डोळे गेले की माणसानं मान्य करावं."

मावशी थांबली. वळली. मला वाटलं आता रडते. ती विक्कीला म्हणाली, "रिमोट हाय का?"

"आहे."

"मी पलीकडं तोंड करून उभी ऱ्हाते. तू कुठल्याबी एका टीव्हीचा रंग बदल. जरासाच. ह्याला बी सांगू नको, माझ्या भाच्याला बी सांगू नको."

विक्कीला मजा वाटायला लागली. मावशी वॉशिंग मशिनींकडं तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावर. मी पण वळलो. ज्योतीराम नाय वळला, हाताची घडी घालून बघत राहिला. मागं विक्कीच्या बुटांचा आवाज, रिमोटची टिकटिक.  चुकली असती तर ती डॉक्टरकडं गेलीच नसती. सोमवारी कंपनीत पण नसती गेली. माहीत आहे मला, त्याच मोठ्या टीव्हीसमोर बसली असती आयुष्यभर.

"हं, बघा," विक्की म्हणाला.

मावशी वळली. दहा फूट लांबनंच बघितलं. वायर वर पण नाय केली.

"खालची ओळ. डावीकडनं तिसरा. निळ्यात लाल सोडलाय."

विक्की म्हणाला, "आयला."

"बरोबर का?"

"बरोबर मॅडम."

मी अशी शिट्टी मारली की गार्ड धावत आला. पण ज्योतीराम म्हणाला, "काय बरोबर? काय बदललंय? आहे तसंच आहे."

विक्की त्याच्याकडं बघत राहिला. "सर, चक्क जांभळा झालाय."

"कुठं जांभळा? शेजारच्यासारखाच आहे. तुम्ही सगळे मिळालेले आहात. ह्या पोरानं काकूला खुणावलं असणार."

मावशीनं त्याच्यासमोर दोन्ही तुकडे धरले, निळा आणि जांभळा. शांत आवाजात म्हणाली, "ज्योत्या, घरातला बाबासाहेबांचा फोटो डोळ्यापुढं आणून सांग. ह्यो आणि ह्यो एकच हाय?"

त्यानं नीट बघितलं. दोन-तीन सेकंद बघितलं. म्हणाला, "एकच आहे."

मी त्याची कॉलर धरली. आयकार्डाची दोरी पण हातात आली. "एकोणीस वर्षं! तुला नोकरी लावली हिनं! तोंडावर खोटं बोलतो, भाडखाऊ!" गार्डनं मला मागं ओढलं, शोरूमचा मॅनेजर बाहेर आला, ज्योतीराम कॉलर नीट करत म्हणाला, "ही तुमची लायकी," आणि निघून गेला. गाडी त्याची होती. टीव्ही आम्ही रिक्षातनं आणला.

टीव्ही कुठला, तर सगळ्यात कोपऱ्यातला, बत्तीस इंची, ज्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मावशीनं वायर धरली आणि पहिल्यांदा मान वरखाली हलवली. विक्की म्हणाला शोरूममध्ये सगळ्यांचे रंग भडक करून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक खेचलं जातं, ह्याचा करायचा राहिला होता. मावशी म्हणाली, "तूबी ध्यानात ठेव पोरा. खरा निळा कोपऱ्यातच ऱ्हातो." मॅनेजर अजून माझ्याकडं खाऊ का गिळू बघत होता.

शुक्रवारी ती स्वतः उठून डॉक्टरकडं गेली. डोळे ठीक. जवळचा चष्मा, वयामुळं. सोमवारी कागद घेऊन कंपनीत गेली. साहेबानं कागद वाचला, म्हणाला, डोळे ठीक आहेत हे चांगलं झालं, पण सुपरवायझरचा रिपोर्ट आहे, तो काय फाडता येत नाय. तिला पॅकिंगला टाकलं. तिथं खोकी चिकटवायची. सगळी खोकी खाकी. लाइनवरच्या पोरी जेवणाच्या सुट्टीत वायरी घेऊन हिच्याकडं यायच्या, मावशी ही कुठली, ती कुठली, आणि ही डबा खाताखाता सांगायची. त्या दिवशी मान खाली घातलेल्याच पोरी. मी असतो तर एकीला पण सांगितलं नसतं. ही सांगायची.

ज्योतीरामशी आम्ही बोलणं तोडलं. त्याच्या पोराच्या वाढदिवसाला गेलो नाय. मी तर गल्लीत सगळ्यांना सांगत फिरायचो, डोळ्यांदेखत खोटं बोलणारा माणूस बघायचा असेल तर रावेतला जा.

वर्ष झालं असेल. एका गुरुवारी विमलबाई आली. टीव्हीसमोर बसली, बघत काय नव्हती. ज्योतीरामला एका मोठ्या कारखान्यात घेत होते, इंटरव्ह्यू पास झाला, सगळं झालं, शेवटी मेडिकलला अडकला. डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढं ठेवलं, ठिपक्यांत आकडे लपलेले असतात, ते वाचायचे. ह्याला पहिला आकडा दिसला. पुढचा एकही नाय. डॉक्टर म्हणाला, लाल रंग ह्याला नीट दिसतच नाय, म्हणून जांभळ्यातला लाल गळतो आणि जांभळा निळाच दिसतो. जन्मापासून आहे. आजवर कुणी तपासलंच नव्हतं, त्याला स्वतःला पण माहीत नव्हतं.

म्हणजे त्या दिवशी शोरूममध्ये, मी कॉलर धरली तेव्हा, तो खोटं बोलत नव्हता.