कानाची पाळी

व्हायोलिन मला कुणी शिकवलं न्हाई. भजनातल्या पेटीचा सूर ऐकत तारेवर बोट कुठं ठेवायचं ते मीच हुडकलं. पुढं गंगाखेडच्या आमच्या गल्लीतली पोरं शिकायला यायला लागली. त्यांना सूर सापडावा म्हणून मी तारांखालच्या पट्टीवर माझ्या कपाळाच्या टिकल्या चिकटवायची. आणि एक रीत पहिल्याच दिवशी सांगायची, गुरूचं नाव घ्यायचं तर आधी कानाची पाळी धरायची.

शेजारची पोरगी सहा वर्षं माझ्याजवळ शिकली. मग परभणीच्या क्लासचा विषय निघाला, तेव्हा मीच तिच्या आईला म्हणाले, "जाऊ दे की बाई, पुढचं मला कुठं येतंय?"

परवा परभणीत तिचा कार्यक्रम झाला. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. लय गोड वाजवलं हो तिनं! निवेदकानं विचारलं, "बेटा, शिकलीस कुणाकडे?" तिनं कानाची पाळी धरली. आता लोक माझ्याकडं बघतील म्हणून मी पदर सावरला.

तिनं क्लासच्या सरांचं नाव घेतलं. "पहिल्यापासून त्यांच्याकडंच," म्हणाली.

बाहेर भेटली, तर खाली बघत म्हणते, "आजी, सर म्हणले, घरगुती शिकलेलं सांगू नको, बरं दिसत न्हाई."

"मग कान तरी कशाला धरलास गं? ते बी घरगुतीच होतं."



नव्या पोरांना मी टिकल्या अजून लावते. कानाचं सांगायला मात्र जीभ उचलत न्हाई.