माहेरी आलेलं अणुइंजिन

लेक परत जाणार आहे की नाही, एवढंच आईला कळत नव्हतं. बाकी काही कळलं नसतं तरी चाललं असतं. मुलगी एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन आली, "थोडे दिवस राहते" म्हणाली, आणि ते थोडे दिवस कधीच उलटून गेले. बॅगेतले कपडे अजून कपाटात गेले नव्हते, म्हणजे जाणार असावी. पण उशी मात्र तिने स्वतःची आणली होती. स्वतःची उशी घेऊन माणूस थोड्या दिवसांसाठी येतं का? आई भाजी चिरताना बॅगेच्या बाजूने विचार करायची आणि भांडी घासताना उशीच्या.

मुलगी पहिल्यापासूनच सावकाश. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं काम तिने उगाच नाही धरलं. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं असो, मालक दारात उभा राहून घड्याळ बघत असो, ही काच दिव्यापुढे धरणार, कडेवरून बोट फिरवणार, पुन्हा चाकावर टेकवणार. फ्रेममध्ये बसवताना जोर लावावा लागला तर काच चुकली, असं तिचं म्हणणं. मालक तिला तोंडावर गोगलगाय म्हणायचा आणि अवघड नंबरची कामं मात्र तिच्याच टेबलावर आणून ठेवायचा.

जावई नेमका उलटा. दुकानोदुकानी फिरून वजनकाटे दुरुस्त करणारा, जेवतानाही एक पाय दाराकडे. माणूस चांगला, हे आईसुद्धा मान्य करायची, पण घाई फार. लग्नानंतर दोघांना मिळून एकच नाद लागला, कॉम्प्युटरवरच्या अंतराळाच्या खेळाचा. टाक्या, इंजिनं, पंख जोडून यान बनवायचं आणि उडवायचं. बहुतेक वेळा ते फुटायचंच. "आई, आज परत आपटलो!" असं मुलगी फोनवर खिदळत सांगायची आणि आईला वाटायचं, दोघं स्कूटरवरून पडली की काय.

आता ती माहेरी एकटीच तो खेळ खेळत होती. कामावरून आली की लॅपटॉपसमोर, ते थेट जेवणापर्यंत.

"जेवायला ऊठ गं."

"थांब, इंजिन चालू आहे. अणुइंजिन आहे, वेळ लागतो."

"घरात?"

"खेळात गं, आई!"

"लाइटबिलात धरत नाहीत ना, तेवढं विचार," पेपरामागून बाबा म्हणाले.

मुलगी हसली आणि समजावून सांगायला लागली. इंजिनाच्या पोटात अणुभट्टी असते. तिच्यातून वायू जातो, तापतो आणि मागून सुसाट बाहेर पडतो. जमिनीवरून उडायला या इंजिनाचा काही उपयोग नाही, त्याच्यात तेवढा जोरच नसतो. पण दुसऱ्या कुणी वर नेऊन सोडलं, की थोडक्या इंधनात ते लांबच्या लांब जातं, हळूहळू ढकलत.

"मग यात भांडण्यासारखं काय होतं?" आईने मधेच विचारलं. भांडण झालंय, हे मुलीने सांगितलं नव्हतं. आईने नुसता खडा टाकला होता.

मुलगी पडद्याकडे बघतच सांगायला लागली. "तो म्हणाला, मोठं इंजिन लावू, पटकन पोचू. मी नको म्हटलं. सकाळी बघते तर बदललेलं."

"इंजिनावरून घर सोडलंस?"

"इंजिनावरून नाही."

"अगं, आत्ता तर म्हणालीस!"

"दुसऱ्या शहरातली नोकरीही त्याने तशीच घेतली, आई. तिकडे हो सांगून आला आणि मग मला सांगितलं. म्हणतो, चष्म्याची दुकानं काय तिथेही असतील."

"म्हणजे नोकरीवरून भांडलात."

"तसंही नाही गं."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "न विचारता तर मी तुझ्या आईसाठी साड्यासुद्धा आणल्यात."

"आणि त्यातली एक तरी मी नेसले का?" आई म्हणाली.

मुलगी पुन्हा हसली. परत जाणार की नाही, असं आईने सरळच विचारलं, तर "यान पोचू दे, मग सांगते," एवढंच म्हणाली. तिने आपलं अणुइंजिन परत लावून यान लांबच्या एका ग्रहाकडे सोडलं होतं आणि त्यात तीन बुटके अंतराळवीर बसवले होते.

"आणि नाही पोचलं तर?"

"तर नाही पोचलं. मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं नाही, असा आमच्या दोघांचा नियम आहे."

आमच्या दोघांचा! तो शब्द आईने अलगद उचलून ठेवला. भांडी घासेपर्यंत तो पुरला.

मग सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकानातून तातडीचा निरोप आला आणि मुलगी लॅपटॉप तसाच उघडा टाकून पळाली. आई टेबल पुसत होती. पुसता पुसता फडकं लॅपटॉपच्या कळांवरूनही फिरलं, खालच्या लांबलचक कळेवर जरा जास्तच दाबून. काळा पडदा उजळला, फट् असा आवाज झाला आणि यानाचे दोन तुकडे झाले. मागचा तुकडा, इंजिनासकट, गिरक्या घेत लांब जायला लागला. जोडलं जाईल म्हणून आईने तीच कळ पुन्हा दाबली. तर पुढचंही एक झाकण उडालं. कोपऱ्यातल्या चौकटींतले तिघे अंतराळवीर मात्र दात काढून हसत होते.

"अहो, लवकर या! माझ्या हातून अणुइंजिन पडलं!"

बाबा चष्मा पुसत आले आणि बराच वेळ बघत राहिले. "तसंच सुटायचं असेल कदाचित. बातम्यांत नाही का दाखवत? तुकडे गळत जातात आणि लोक टाळ्या वाजवतात."

आईला ते पटलं आणि लगेच पटेनासं झालं. यान पोचलं तर मुलगी नवऱ्याकडे जाणार, की नाही पोचलं तर? हे तिने सांगितलंच नव्हतं. आणि आपल्याला तरी काय हवंय? ती गेली तर घर सुनं होणार, राहिली तर जिवाला घोर.

"यातलं कळणारा एकच माणूस आहे," बाबा म्हणाले. "तुझा जावई."

जावयाने सुरुवातीला फोन केले होते. "ती कामावर आहे" असं तुटक सांगून आईने ते ठेवून दिले होते. आता तिने त्याचा नंबर काढला. बोलायचं काय? जावईबापू, कसे आहात, इंजिन निसटलंय? तेवढ्या निमित्ताने चार शब्द होतील. तो संध्याकाळी येईलही. येऊन जोडून देईल. मुलगी दार उघडेल तर हा समोर.

आईचं बोट थबकलं.

"काय झालं? लाव की," बाबा म्हणाले.

"तिला न विचारता बोलावू त्याला?"

आईने जावयाचा नंबर बंद केला आणि चष्म्याच्या दुकानाचा शोधायला लागली.

"रागावेल ती," बाबा म्हणाले.

"रागावू दे. मी त्याला फोन करू का, एवढंच विचारते."

"आणि इंजिनाचं?"

"तेही सांगते. पण अहो, आधी कुठलं सांगू?" असं म्हणत तिने नंबर लावला.