रंगव म्हणाली ती

हौशब दमास्कसचा रंगारी. तिथे थोरला मुलगा झाला की बाप त्याच्याच नावाने ओळखला जातो, म्हणून सगळी पेठ त्याला ‘अबू बिश्र’, बिश्रचा बाप म्हणे. बायकोसुद्धा. आजोबांनी उमय्या घराण्याची सत्ता चढताना पाहिली, वडिलांनी तिची पांढरीशुभ्र निशाणं धुतली, आणि हौशबच्या वाट्याला तिची राखरांगोळी आली. सिंधपासून अंदलुसपर्यंत पसरलेलं राज्य झाब नदीकाठच्या एका लढाईत बुडालं. त्यांनी बांधलेली सोनेरी मशीद तेवढी जागच्या जागी राहिली, आणि नव्यांनी तिथेच नमाज पढला.

हे नवे अब्बासी काळं घालत. अंगावर पांढरं दिसलं की माणूस उमय्यांचा, मग त्याची धडगत नसे. कालचे बगळे रांग लावून कावळे व्हायला आले.

“अबू बिश्र, चांदी आहे बुवा तुझी!” शेजारचा तांबट म्हणाला. “माझी विजार मात्र राहू दे पांढरी. आतलं कोण बघतंय?”

“बघणारे निघालेत,” हौशब म्हणाला. त्याला हसू आलं नाही. रडूही येत नव्हतं. डाळिंबाची सालं उकळायची, त्यात गंजल्या लोखंडाचं पाणी ओतायचं, कापड बुडवायचं, पिळायचं. आत सगळं बधिर झालं होतं.

बिश्र उमय्यांच्या फौजेतून झाबला गेला, त्याला महिने लोटले. त्याचा पांढरा सदरा त्याची आई उनैसा दर शुक्रवारी धुऊन अंगणात वाळत घाली.

“अबू बिश्र, याला हात लावाल तर बघा,” ती नवऱ्याला बजावी. “पोरगा आल्यावर घालेल काय?”

अशाच एका शुक्रवारी शिपाई अंगणात शिरले. ज्यांची पोरं त्या फौजेत होती, त्यांच्या बापांना ते धरून नेत होते.

“हा सदरा कुणाचा?”

“गिऱ्हाइकाचा. रंगवायला आलाय.”

“तुझं नाव?”

“हौशब.”

“पोरंबाळं?”

तांबट दारातच उभा होता. तो खाली बघू लागला.

“नाहीत, सरकार. झालीच नाहीत.”

शिपाई पुढच्या घरी गेले. हौशब हंड्यातलं कापड ढवळत राहिला. उनैसाने पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, दोरीवरचा सदरा काढला, बाह्या ओढून सरळ केल्या आणि हंड्याच्या काठावर ठेवला.

“रंगव, हौशब,” ती म्हणाली.