सुमनताईंचा काळा फोटो

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शुभदाने दिवसातला पहिला खराब पीस लाल क्रेटमध्ये टाकला. चाकणच्या या फाउंड्रीत गाड्यांसाठी ॲल्युमिनियमचे भाग ओततात आणि प्रत्येक भागाचा एक्स-रे काढतात. शुभदाचं काम पडद्याकडे बघण्याचं. धातू भरीव असेल तिथे पडदा पांढरा दिसतो. आत हवा अडकून पोकळी राहिली असेल तिथे काळा ठिपका उमटतो. पांढरा तो ओके, काळा तो रिजेक्ट. एकोणीस वर्षं तिचे डोळे एवढंच करत आले होते.

त्या दिवशी कंपनीच्या आवारात स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीची गाडी आली होती. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी जाऊन यावं, असा निरोप फिरला. शुभदा चव्वेचाळीसची. तिला जायचं नव्हतं, पण कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या सुमनताईंनी तिला दंडाला धरून नेलं. सुमनताई जवळच्याच गावातल्या, पन्नाशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या.

गाडीत दिव्या नावाची मुलगी एक्स-रे फोटो काढत होती. मुलं किती आणि अंगावर किती दिवस पाजलं, हे ती प्रत्येकीला विचारायची.

“तीन,” सुमनताई म्हणाल्या. “आन् दोन-दोन वर्सं पाजलं. धाकटं तर शाळेत जायला लागलं तरी दप्तर टाकायच्या आधी पदर वढायचं.”

शुभदाने मूल नसल्याचं सांगितलं. आवाज न बदलता दिव्याने दिवस कधी गेले होते का, ते विचारलं. दोनदा, शुभदा म्हणाली. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यापलीकडे गेलं नव्हतं.

लातूरहून शुभदाची आई दर थंडीत हळिवाची पुडी पाठवायची. बाळंतिणीला दूध यावं म्हणून हळिवाचे लाडू करतात. लेकीला कधीही लागतील, असा आईचा हिशोब. पुडी डब्यात तशीच राहायची आणि उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाच्या तरी बाळंतपणाला जायची. शुभदाने चाळिशी ओलांडली त्या थंडीत पुडी आली नाही. आईने काही सांगितलं नाही, हिने काही विचारलं नाही.

आधी सुमनताईंचा फोटो निघाला. त्या ब्लाउजची बटणं लावत असताना दिव्याच्या पडद्यावर तो उमटला आणि शुभदाची नजर सवयीने तिकडे गेली. सगळा काळा. मधूनमधून पांढऱ्या दोऱ्यासारख्या चार रेषा, बाकी काळोख. असा पीस तिने सुपरवायझरला न विचारता लाल क्रेटमध्ये टाकला असता. मग तिचा स्वतःचा फोटो आला: कडेपासून कडेपर्यंत पांढरा. आपण पास झालो, याची तिला त्या क्षणी शरम वाटली.

बाहेर मांडवात तिने सुमनताईंना पंख्याखालची खुर्ची दिली, चहा आणून हातात ठेवला, पिशवी स्वतःकडे घेतली.

“आज काय सेवा चाललीया माझी?” सुमनताई म्हणाल्या. “मी काय जायला टेकलेय का?”

फोटो तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी गाडीतून शुभदाचं नाव पुकारलं तेव्हा सुमनताईही मागोमाग आत शिरल्या, आणि माझं बी हितंच सांगून टाका, म्हणाल्या. त्यांचा फोटो स्वच्छ आहे, काळजीचं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शुभदाच्या फोटोतही गाठ दिसत नव्हती. पण सोनोग्राफी करून घ्यायला हवी, असं त्या म्हणाल्या.

फोटोंची अदलाबदल झाली, अशी शुभदाची खात्रीच पटली. तिने तसं बोलून दाखवलं.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावून समजावलं. इथे काळी दिसते ती चरबी. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणून पांढऱ्यात ती लपू शकते. स्तन असे पांढरे, म्हणजे दाट असणं हा आजार नाही. पूर्ण दिवसांची बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये ही दाटी साधारणपणे कमी आढळते. पाजण्याचा त्यात वेगळा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. शिवाय वय, वजन आणि आईकडून आलेली ठेवण असतेच.

“म्हणजे एक जरी पूर्ण दिवसांचं झालं असतं,” शुभदाने विचारलं, “तर माझाही काळा आला असता?”

“एका बाईपुरतं तसं सांगता येत नाही.”

शुभदा सुमनताईंच्या फोटोकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत काळ्या रंगाकडे तिने इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. ते काळं आपल्याकडे असावं, असं तिला वाटलं.

बाहेर आल्यावर तिने सुमनताईंना लाल क्रेटची गोष्ट सांगून टाकली.

“मला भंगारात घातलीस व्हय गं?” सुमनताई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी आपली पिशवी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिचा हात मात्र सोडला नाही.

गुरुवारी साप्ताहिक सुट्टी होती. नवरा धनेश पिंपरीच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसला. आत सोनोग्राफीसाठी शुभदाच्या छातीला थंड जेली लागली. याआधी ती चौदा वर्षांपूर्वी लागली होती, पोटावर, आणि तेव्हा पडदा डॉक्टरांकडे वळवलेला होता. या वेळी तिने तो आपल्याकडे फिरवायला सांगितला. करड्या लाटांमध्ये तिला काही ओळखता आलं नाही. गाठ नाही, डॉक्टर म्हणाले. दर वर्षी तपासणीला यायचं आणि स्तन दाट असल्याचं आधी सांगायचं.

दिघीला घरी परतताना तिने वाण्याकडून पावशेर हळीव घेतले. घरात कोण बाळंत झालं, असं वाण्याने विचारलं.

“खीर करायची आहे,” ती म्हणाली. धनेशने पुडी गाडीच्या डिकीत ठेवली.

उद्या शुक्रवार, तिची पहिली शिफ्ट. सात वाजता एक्स-रे मशीन सुरू झालं, की ते नीट दाखवतंय ना हे बघायला, आत पोकळी असल्याचं आधीपासून माहीत असलेला एक जुना तुकडा त्यात ठेवायचा. त्यातला काळा ठिपका पडद्यावर स्पष्ट दिसल्याशिवाय दिवसाचं काम सुरू होत नाही.