नानांचा आवाज

त्या हिवाळ्यात देवावरचा माझा विश्वास डळमळला होता. आमच्या नानांचा आवाज गेला होता, आणि इतक्या भल्या माणसाच्या वाट्याला हे का यावं, याचं उत्तर मला सापडत नव्हतं.

नाना, म्हणजे माझे वडील, अकोल्याला वकिली करत. पन्नासच्या दशकात आम्ही जठारपेठेत राहायला आलो, तेव्हापासून आमच्या घराचा दिवस त्यांच्या देवीस्तोत्रानं उजाडत असे. खणखणीत आवाज होता त्यांचा. कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसालाही आत नाना काय म्हणतात ते कळे. खेड्यावरून आलेला पक्षकार आमच्याकडे जेवल्याशिवाय परत जात नसे. संध्याकाळी मात्र नाना कोर्टाचं नावही काढत नसत. आईशी गप्पा मारत ओसरीवर बसायचे आणि आम्हा भावंडांचे अभ्यास घ्यायचे. दर महिन्याला बार्शीटाकळीच्या जुन्या दगडी देवळात देवीला जायचं, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

दिवाळीनंतर त्यांचा घसा बसला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. हळद-दूध झालं, काढे झाले, पण आवाज रोज थोडा थोडा खचत गेला. शेवटी मी त्यांना अमरावतीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी घशात गाठ आहे असं सांगितलं. काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठ विरली तर ठीक, नाहीतर नागपूरला शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर आवाज राहील याची हमी नाही. परतताना गाडीत नाना खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत मी भीती शोधत होते. ती मला दिसली नाही, याचाच मला राग आला.

मग घरात पाटी आली. नाना पाटीवर लिहायचे आणि आम्ही वाचायचो. पण पाटीवर वकिली कशी होणार? बार्शीटाकळीच्या सरूबाईचा खटला शेवटच्या युक्तिवादापर्यंत येऊन थांबला होता. नवरा वारल्यावर दिरानं, ही माझ्या भावाची लग्नाची बायकोच नव्हे, असं म्हणून तिला घराबाहेर काढायचा दावा लावला होता. घराबरोबर तिची अब्रूही पणाला लागली होती. नानांच्या आजारपणामुळे तारीख एकदा पुढे गेली होती, आता जाणार नव्हती. ओळखीच्या वकिलांपैकी कुणाला वेळ नव्हता, कुणाचे दिराशी संबंध होते.

तारखेच्या आधी दोन दिवस नाना मला घेऊन बार्शीटाकळीला गेले. दुसरा वकील पाहावा लागेल, हे त्यांना स्वतः सांगायचं होतं. मी पाटीवरचं वाचून दाखवलं. सरूबाईनं आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "दुसऱ्या वकिलाले मी कुठं ओळखतो साहेब? तुमी नुसते येऊन बसा. तुमाले पाहून मले धीर येते."

तिथून आम्ही देवळात गेलो. नाना देवीसमोर हात जोडून उभे राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, हिला हे दिसत नाही का?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

परतीची मोटार बिघडली होती. आम्ही स्टँडवर लिंबाखाली बसलो. तिथंच एक गृहस्थ जवळ आले. वय पस्तिशीचं, हातावर काळा कोट.

"साहेब, तुमी अकोल्याचे ना? शिकत असताना तुमचं काम पाहायले मी मुद्दाम कोर्टात येऊन बसत होतो. काहून, तब्येत बरी नाई काय?"

ते तायडे वकील. आधी शाळेत मास्तर होते, नोकरी करता करता कायदा शिकले, आणि आता अमरावतीला वकिली करत. मावशीला भेटायला गावात आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खटल्याबद्दल चार प्रश्न विचारले, नानांनी पाटीवर उत्तरं दिली. मग ते म्हणाले, "मी उभा राहतो. पण एक गोष्ट आधीच सांगतो साहेब. आमी दीक्षा घेतलेली माणसं. तुमी आत्ता देवळातून आलात, मी देवळात जात नाई."

नानांनी हसत लिहिलं, "देवळात मी जाईन. तुम्ही कोर्टात या."

तायडे दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आले आणि दिवसभर कागद वाचत बसले. जेवणाच्या वेळी आईनं नानांच्या शेजारी त्यांचं पान मांडलं. तारखेच्या दिवशी कोर्टात तायड्यांनी, सरूबाईच्या लग्नाला हजर असलेल्यांच्या आधी झालेल्या साक्षी अशा शांतपणे एकेक करून मांडल्या, की दिराच्या वकिलाला मध्ये बोलायला जागाच राहिली नाही. नाना शेजारी बसून होते. मी त्यांच्याकडे पाहत होते. दुसऱ्याला आपल्या जागी बोलताना ऐकून एखादा माणूस इतका सुखावतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

निकाल सरूबाईच्या बाजूनं लागला. ती नानांच्या पाया पडू लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवून तायड्यांकडे बोट दाखवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गाठ विरली. आवाज परत आला, पण जाडसर, थोडा फाटलेला. नानांनी त्याची खंत केली नाही. पुढे बरीच वर्षं त्यांनी आणि तायड्यांनी मिळून खटले चालवले. एक देवीचा भक्त, दुसरा बुद्धाला शरण गेलेला. त्यावरून त्यांच्यात वाद झालेला मला आठवत नाही.

एकदा मी विचारलं, "नाना, तुम्हाला खरंच भीती वाटली नव्हती?"

ते म्हणाले, "वाटली ना. माझ्याशिवाय सरूबाईला कोणी नाही, असं मी धरून चाललो होतो. देवीनं मला जरा गप्प बसवलं, आणि तिला दुसरं कोणी आहे हे दाखवलं."

नाना गेले त्याला आता खूप वर्षं झाली. सुखानं गेले, सगळी माणसं भोवती असताना. त्या दिवशी मोटार बिघडली हा योगायोग होता की कृपा, याचा निवाडा मी केलेला नाही. पण संसारात एखादी गोष्ट माझ्या हातून निसटू लागली, की पूर्वीसारखी मी ती घट्ट आवळून धरत नाही. हात जोडते, आणि जोडायचे म्हटले की ते आपोआपच मोकळे होतात.